आधी गोळी, बाकीचं मग: एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या कशा घ्यायच्या

30 ऑगस्ट 2022. हरतालिकेची रात्र, दुसऱ्या दिवशी चतुर्थी. मालवणकडच्या किनाऱ्यावर एका रुग्णालयात मी रात्रपाळीला होते. उपास होता, पाऊस कोसळत होता, लाईट जाऊन येऊन होती. ट्रॉलरवरचा एक खलाशी उलट्या-जुलाबांनी पार गळून आला होता. त्याला सलाईन लावताना शीर मिळाली, सुई मागे ओढली आणि नेमका त्याच क्षणी त्याने कळवळून हात झटकला. सुई हातमोजा फाडून माझ्या डाव्या तर्जनीत गेली. पोकळ सुई, ताजं रक्त. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

शेजारची सिस्टर ओरडली, "पिळून काढ गो रगात!" मी बोट धरलंही होतं. तेवढ्यात त्या माणसाने डोळे उघडले, माझ्या बोटाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "सिस्टर, तुमका सांगूक व्हया. माझ्यो एचआयव्हीच्यो गोळ्यो चालू आसत."

तो गप्प राहू शकला असता. वॉर्डात माणसं होती, त्यातली दोन तर त्याच्या बंदरावरची. तरी तो बोलला. त्या वाक्याचं मोल मला आजही वाटतं, आणि हे सगळं लिहिण्यामागे तेच एक कारण आहे. एचआयव्हीचा संसर्ग होऊ नये म्हणून गोळ्या आहेत, त्या कामही करतात. पण त्या कधी आणि कशा घ्यायच्या हे आपल्या भागात फारच थोड्यांना ठाऊक आहे. मी त्या घेतल्यात, आणि नंतर बऱ्याच जणांना घ्यायला लावल्यात. पुढे ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या, कारण लोक हमखास इथेच गोंधळतात. धोका घडून गेल्यावर घ्यायची ती पेप. ती अठ्ठावीस दिवसांची असते. धोका होण्याआधीपासून, तो पुन्हा पुन्हा येणार हे माहीत असताना घ्यायची ती प्रेप. पेपला घड्याळ बघायचं, प्रेपला कॅलेंडर.

सुई टोचली, कंडोम फाटला, जबरदस्ती झाली: पहिले काही तास

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. बस्स, एवढंच. पिळू नका, दाबू नका, बोट तोंडात घालू नका. स्पिरिट, ब्लीचिंग, डेटॉल ओतू नका. पिळल्याने विषाणू बाहेर येत नाही, उलट तिथल्या पेशी दुखावतात. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्याने किंवा सलाईनने भरपूर धुवा. डोळ्याला साबण नको. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर आधी लेन्ससकट धुवा, मग ती काढून परत धुवा.

मग पहिली गोळी. शक्यतो दोन तासांच्या आत, आणि काहीही झालं तरी 72 तासांच्या आत. त्यानंतर पेप देत नाहीत, कारण तिचा उपयोग उरत नाही. हा आकडा आला कुठून? विषाणू शरीरात शिरला की आधी तिथल्या तिथल्या पेशींत असतो, मग दोन-तीन दिवसांत जवळच्या गाठींपर्यंत पोचतो. पेशीत शिरून आपल्या डीएनएत त्याने स्वतःची प्रत एकदा शिवली की ती उसवता येत नाही. पेपमधली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन ती प्रत तयार होऊ देत नाहीत, आणि डोल्युटेग्रॅव्हिर ती शिवू देत नाही. म्हणजे टाके पडायच्या आत पोचायचं आहे.

आता माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगते. पेपच्या गोळ्या आमच्याकडे होत्या. पण त्या कपाटात, कपाटाला कुलूप, आणि चावी फार्मासिस्टकडे. तो चतुर्थीसाठी गावी गेलेला, तिथे फोनला रेंज नाही. मी पाच ठिकाणी फोन केले. कोणी म्हणालं, "सकाळी बघू, तोपर्यंत पेशंटचा रिपोर्ट तरी बघूया." हे वाक्य कोणी तुम्हाला म्हणालं तर ऐकू नका. समोरच्याचा रिपोर्ट मागाहून येऊ दे. तो निगेटिव्ह निघाला आणि डॉक्टरांना शंका उरली नाही तर गोळ्या थांबवता येतात. उशिरा सुरू केलेली गोळी मात्र मागे जाऊन घेता येत नाही. मला पहिली गोळी मिळाली सकाळी साडेआठला. जवळजवळ दहा तास. त्या दहा तासांचा राग माझ्यात अजून आहे.

उपास सोडायच्या आधीच, नुसत्या पाण्याबरोबर मी ती गोळी घेतली. ही गोळी रिकाम्या पोटी चालते, जेवणावरही चालते. तिच्यासाठी जेवायची वाट बघत बसू नये.

तो खलाशी नियमित गोळ्या घेणारा होता. ज्याच्या रक्तात उपचारांमुळे विषाणू सापडेनासा झालाय, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आज पक्कं माहीत आहे. पण सुईच्या बाबतीत तेवढा निर्वाळा देता येत नाही, आणि त्या रात्री त्याचा ताजा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे तो रिपोर्टही हातात नव्हता. म्हणून पेप घ्यायचीच होती. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचून लागण होण्याची शक्यता, पेप न घेताही, साधारण हजारात तीन असते. मला कोणीतरी हा आकडा त्या रात्री शांतपणे सांगायला हवा होता. मी पहाटेपर्यंत शंभरात शंभर धरून चालले होते.

त्या अठ्ठावीस दिवसांत

आपल्याकडे मोठ्यांसाठी एकच गोळी आहे: टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50, तिन्ही एकत्र. रोज एक, ठरल्या वेळी, अठ्ठावीस दिवस. किडनीचा त्रास असेल, फिट्सच्या किंवा टीबीच्या गोळ्या चालू असतील, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर पहिल्याच भेटीत सांगा. डोस किंवा औषध बदलावं लागतं.

पहिला आठवडा मला जड गेला. मळमळ, डोकं दुखणं, आणि रात्री तुटक तुटक झोप. घरात मोदक उकडत होते आणि नारळ-गुळाच्या वासाने मला बाहेर जाऊन बसावं लागत होतं. सोलकढी तेवढी पोटात टिकायची. जाऊबाईंनी मायेने अ‍ॅसिडिटीचं पांढरं औषध बाटलीच्या झाकणात ओतून दिलं. मी ते ओठाला लावणार, तेवढ्यात आठवलं: अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं अँटॅसिड डोल्युटेग्रॅव्हिरला पोटातच धरून ठेवतं, ती रक्तात पोचत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही तेच करतात. अशी औषधं घ्यायचीच असतील तर आधी एचआयव्हीची गोळी घ्या आणि दोन तासांनी ती. किंवा ती घेऊन सहा तासांनी ही. कॅल्शियम-लोहाला एक सूट आहे: भरल्या पोटी, जेवणाबरोबर, दोन्ही एकत्र चालतात. अँटॅसिडला ही सूट नाही. आपल्याकडे घरोघरी बायका कॅल्शियम नाहीतर लोहाच्या गोळ्या घेतात, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

मध्ये रात्री घेऊ लागले होते ती गोळी झोपेसाठी मी परत सकाळवर आणली. दहाव्या दिवसापर्यंत मळमळ गेली. बरेच जण याच पहिल्या आठवड्यात सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा; मळमळीवर वेगळं औषध देता येतं.

नवरा मुंबईहून चतुर्थीला आला होता, सात दिवसांसाठी. त्याला सांगायला मला दोन दिवस लागले. सांगितलं तेव्हा तो ओट्यावर माटवीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या सजावटीचं सामानसुमान आवरत होता. हातातलं खाली ठेवून त्याने एकच विचारलं, "पयली गोळी घेतलंस मा?" सांगणं गरजेचंच असतं. तपासण्या पूर्ण होईपर्यंत कंडोम वापरायचा असतो, रक्तदान करायचं नसतं, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांशी बोलायचं असतं.

तपासण्या अशा: पहिली लगेच, म्हणजे तुम्ही आधीपासून पॉझिटिव्ह नव्हता हे कळतं. पण तिच्यासाठीही गोळी थांबवायची नाही. मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. सोबत कावीळ बी आणि सी (हिपॅटायटिस). रक्तातून बी ची लागण एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज होते, म्हणून रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकाने, झाडू-पोछा करणाऱ्या मावशींनीसुद्धा, तिची लस घेतलेली असावी. कचऱ्याच्या पिशवीतली सुई बहुतेक वेळा त्यांनाच टोचते, आणि त्याच सगळ्यात उशिरा सांगतात.

एचआयव्ही-एड्सचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. जिथे रक्ताशी संबंध येतो तिथे कर्मचाऱ्यांना हातमोजे, प्रशिक्षण आणि पेप देणं ही त्या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. रुग्णालयात असाल तर आजच विचारा: पेप कुठे ठेवलीय, रात्री चावी कोणाकडे, गोळ्यांची मुदत कधी संपते.

जबरदस्ती झालेली बाई, मुलगी किंवा मुलगा असेल तर थेट रुग्णालयात या. आधी पोलीस स्टेशन, मग दवाखाना असं नाही. तक्रार दिलेली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत, आणि सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने ते मोफत द्यायचे असतात. पेप, गर्भ राहू नये म्हणून गोळी, इतर गुप्तरोगांवरची औषधं, सगळं एकाच भेटीत मागा. आंघोळ केली असेल, कपडे बदलले असतील तरी या. लाजेत दोन दिवस गेले असतील तरीही 72 तास पूर्ण होईपर्यंत दार उघडं आहे.

डास, उष्टं ताट, शिंक, एकच संडास, मिठी यांनी एचआयव्ही होत नाही. त्यासाठी गोळी मागायला येऊ नका.

धोका रोजचा असेल तर: प्रेप

काजूच्या फॅक्टरीत काम करणारी एक बाई माझ्याकडे आली. नवरा ट्रक चालवायचा, मुंबई-गोवा हायवेवर. तो पॉझिटिव्ह, ती निगेटिव्ह, आणि तिला मूल हवं होतं. त्याने गोळ्या नुकत्याच सुरू केल्या होत्या. सासू म्हणत होती, नशिबात नसेल. मी तिला म्हटलं, हा नशिबाचा नाही, सहाएक महिन्यांचा प्रश्न आहे. त्याच्या रक्तातला विषाणू दबेपर्यंत तिने प्रेप घ्यायची; तो दबलाय आणि दबलेला राहतोय हे रिपोर्टवर दिसलं की मग डॉक्टरांना विचारून तिची गोळी थांबवता येते.

तिने गोळी रोजच्या कशाला बांधली ते मला फार आवडलं. सकाळी उकड्या तांदळाची पेज. "पेज चुकना नाय, मगे गोळी कशी चुकतली?" मोबाईलचा गजर मी सगळ्यांनाच सांगते, पण पेजेइतका पक्का गजर मी पाहिलेला नाही.

प्रेपची गोळी म्हणजे टेनोफोव्हिर 300 आणि एमट्रिसिटाबिन 200 एकत्र. अमेरिकेत तिला 2012 मध्ये मान्यता मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये धोका असलेल्या सगळ्यांसाठी तिची शिफारस केली, आणि आपल्या नॅकोने, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने, 2022 मध्ये प्रेपच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. रोज नीट घेतली तर लैंगिक संबंधातून होणारी लागण ती जवळजवळ पूर्ण रोखते. अधूनमधून घेतली तर नाही. प्रेप फसते ती मुख्यतः बाटलीत राहिलेल्या गोळ्यांमुळे.

सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह हवीच. आधीच लागण झालेली असताना प्रेप घेतली तर दोनच औषधांना तोंड द्यायला विषाणू शिकतो आणि पुढचे उपचार अवघड होतात. गेल्या महिन्याभरात ताप, अंगावर पुरळ, मानेत गाठी असं काही झालं असेल तर लपवू नका. क्रिएटिनिन म्हणजे किडनीची तपासणी, कावीळ बी आणि सी, सिफिलिस हेही बघतात. कावीळ बी असेल तर विशेष सांभाळा: ही औषधं त्या विषाणूलाही दाबतात, आणि मनाने अचानक बंद केली तर कावीळ उसळून येऊ शकते.

पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळत नाही. पुरुषांच्या पुरुषांशी संबंधात रोज घेऊन सात दिवस लागतात. बाईच्या बाबतीत काही ठिकाणी सात दिवस सांगतात, काही ठिकाणी तीन आठवडे; मी तीन आठवडे कंडोम वापरायला सांगते. एखादी गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी जोडीने दोन घेऊ नका. महिन्याने एकदा आणि नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी. किडनीची सहा महिने ते वर्षाने, त्रास असेल तर लवकर. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावं, किडनीवर दोन्हींचा भार येतो. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना प्रेप चालते. या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिर नाही, त्यामुळे गरोदरपणातल्या लोह-कॅल्शियमशी भांडणही नाही.

प्रेप गर्भ थांबवत नाही. सिफिलिस, परमा, कावीळ बी चा संसर्गही रोखत नाही. म्हणून कंडोमचं पाकीट घरातच राहू दे.

एक तरुण मुलगा आला होता, वेंगुर्ल्याकडचा. दोन-तीन महिन्यांतून एकदा गोव्याला मित्राकडे जायचा. बोलताना दाराकडे बघत होता. मर्जीने पुरुषाचा पुरुषाशी संबंध 2018 पासून गुन्हा नाही, आणि माझ्या टेबलाशी तर कधीच नव्हता, हे मी त्याला आधी सांगितलं. रोज गोळी त्याला नको होती. त्याच्यासारख्यांसाठी वेगळी पद्धत आहे: संबंधाच्या दोन ते चोवीस तास आधी दोन गोळ्या एकदम, त्या घेतल्यापासून चोवीस तासांनी एक, आणि आणखी चोवीस तासांनी एक. मुक्काम लांबला तर रोज एक, शेवटच्या संबंधानंतर दोन दिवसांपर्यंत. गाडी सावंतवाडी सोडायच्या आधी दोन गोळ्या पोटात, असं आम्ही ठरवलं. पण नीट वाचा: ही पद्धत जन्माने पुरुष असलेल्यांसाठीच आहे, तीही स्त्री-हार्मोन घेत नसतील आणि कावीळ बी नसेल तर. बायकांनी ही पद्धत वापरू नये, त्यांना रोजचीच.

वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शनही आलंय. अमेरिकेत जून 2025 मध्ये ते मंजूर झालं. पण ते आपल्या तालुक्यात येईल तेव्हा येईल. आज हातात गोळी आहे, इंजेक्शनची वाट बघत ती लांबवू नका.

दमट हवा, बोट आणि ओळखीचा मेडिकलवाला

गोळ्या मूळ बाटलीतच ठेवा. आत एक छोटी पुडी असते, ती ओल शोषते. ती फेकू नका आणि खाऊही नका. पावसाळ्यात आपल्याकडे मीठसुद्धा डब्यात पाणी धरतं, तिथे कागदात बांधलेल्या गोळ्यांचं काय होणार. चुलीजवळ, फ्रीजवर, बोटीच्या इंजिनाकडे ठेवू नका. आठ-दहा दिवस समुद्रावर जाणाऱ्याने चार-पाच गोळ्या जास्त घ्याव्यात, वारा फिरला की परतायचा दिवस फिरतो. बाटली घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवली की खारं पाणी लागत नाही.

गावातला मेडिकलवाला ओळखीचा असतो, ही अडचण खरी आहे. कुडाळ-कणकवलीला जा, किंवा चिठ्ठी लावून ऑनलाइन मागवा. चिठ्ठीशिवाय घेऊ नका. तपासणीविना घेतलेली प्रेप धोक्याची आहे. सरकारी ठिकाणी ती सगळीकडे मोफत मिळेलच असं नाही, हे मनाशी धरून महिन्याचा खर्च आधीच विचारा. अर्ध्यावर पैसे संपून सोडण्यापेक्षा ते बरं.

आणि खिडकीवर काय बोलायचं, ते. बहुतेक जण तिथेच अडतात आणि "जरा चेकअप करायचं होतं" म्हणून रांगेतून परत जातात. धोका घडून गेला असेल तर एवढंच म्हणा: "मला पेप हवी आहे, काल रात्री अकराला घडलंय." वेळ सांगितलीत की समोरच्यालाही घाई कळते. काय घडलं ते बंद खोलीत सांगा, तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि तुमचं नाव बाहेर सांगता येत नाही. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणीचं सरकारी केंद्र, बंद असेल तर थेट अपघात विभागात जा, रात्रीही. प्रेप हवी असेल तर: "मला एचआयव्हीची तपासणी करून प्रेपबद्दल डॉक्टरांशी बोलायचं आहे." कुठे जायचं कळेना तर 1097 लावा, राष्ट्रीय हेल्पलाईन आहे, फोन फुकट. मराठीत बोला, गडबडीत शब्द सुचले नाहीत तर हीच दोन वाक्यं मोबाईलवर वाचून दाखवा.